थोरली आगबोट विझली, तिची हकीकत

श्रीअग्नि आणि श्रीजल, जे जन्माचे वैरी, ते एके हंड्यांत नांदले आणि त्यांपासून वाफ जाहली, त्या उभयतांस वंदन करोन लिहिण्यास आरंभ केला असे. शके अठराशें एकोणीस, हेमलंबी नाम संवत्सर, ते सालीं खाडीकांठच्या राज्यांत थोरली आगबोट आली. तिची आल्यापासून विझेपर्यंतची हकीकत लिहोन ठेवावी ऐसें चौघांचें म्हणणें पडलें, त्यावरून जें पाहिलें तें पाहिल्याप्रमाणें, जें ऐकिलें तें ऐकिल्याप्रमाणें, आणि जेथें पाहणारा व ऐकणारा दोघेही जेवावयास गेले होते तेथें अदमासानें लिहिलें.

राज्य थोर. राज्यास आगगाडी होती आणि आगगाडीस रूळ होते, आणि ते रूळ ऐलतीरीं पाण्यापर्यंत येऊन थांबत आणि पैलतीरीं पाण्यांतून निघाल्यासारखे पुन्हां सुरू होत, आणि मध्यें खाडी. आगगाडीस पोहतां येत नाहीं ही गोष्ट दोहींकडचे रूळ घालोन जाहल्यावर सरकारच्या ध्यानीं आली. मग मोठी मसलत बसली आणि विलायतेहून आगबोट आणविली. तिच्या पाठीवर रुळांच्या दोन वाटा, एक डाव्या अंगास आणि एक उजव्या अंगास, आणि पोटांत पाण्याचे दोन थोर हंडे, आणि हंड्यांखालीं आग. ऐलतीरीं मालगाडी आली म्हणजे इंजिनानें मागून ढकलीत डबे बोटीवर चढवावे आणि आपण तीरावरच रहावें, आणि मग बोटीनें डबे पाठीवर घेऊन पैलतीरीं न्यावे, आणि तेथील इंजिनानें ते ओढोन घ्यावे, ऐसा क्रम ठरला. बोटीचें सरकारी नांव कोणा साहेबाच्या मावशीचें होतें, तें घाटावर कोणास उच्चारतां येईना. दुसरी धाकटी बोट मागाहून येणार ऐसें सरकारांतून सांगण्यांत आलें होतें, म्हणोन हिला थोरली म्हणूं लागले. धाकटी कधीं आली नाहीं. थोरली जन्मभर एकटीच थोरली राहिली.

पहिल्या दिवशीं खुद्द मोठे हुजूर घाटावर आले, आणि तोंडांतला चिरूट काढोन त्यावरून कागद पेटविला आणि आपले हातें हंड्याखालीं आग लाविली, आणि बोलिले कीं ही आग आम्ही लाविली, आमच्या हुकुमावांचून कोणी विझवूं नये. लोकांनीं टाळ्या पिटिल्या. मग हुजूर स्वदेशीं गेले आणि कांहीं वर्षांनीं तेथेंच त्यांस देवाज्ञा जाहली. हुजूर गेले, हुकूम मागें राहिला. हंडा आंतून धुवावयाचा जाहला तर त्याखालचे निखारे फावड्यानें दुसऱ्या हंड्याखालीं न्यावे आणि मग पहिला निववावा, येणेंप्रमाणें ती चिरुटाची आग पिढी दर पिढी चालविली. तिच्यावर कितीएकांनीं विड्या पेटविल्या, परंतु विझविली कोणी नाहीं.

थोरलीवर दुसरा एक कायदा होता, त्यास जोड म्हणत. डाव्या वाटेवर डबा चढला तर उजव्या वाटेवर तेवढ्याच वजनाचा डबा चढलाच पाहिजे, नाहीं तर बोट एका अंगावर कलते आणि डबे खाडींत जातात. हा कायदा सांभाळणारे रायाजी नाखवा, बोटीचे मुख्य, राहणार ऐलतीर. आणि हंड्याखालची आग सांभाळणारे दाऊद आगवाले, राहणार पैलतीर. दोघे मिसरूड फुटतांच चाकरीस लागले आणि थोरलीवरच म्हातारे जाहले. एके समयीं एक थोर सरदार आपल्या खास डब्यासुद्धां पैलतीरीं निघाले. डब्यास जरीचे पडदे, आंत लोड-गाद्या. तो डाव्या वाटेवर चढविला आणि जोडीस घाटावर पाहतां म्हशींचा डबा काय तो वजनास उतरला, तो उजव्या वाटेवर चढविला. सरदारांनीं पडदा सारोन पाहिलें तों समोर म्हैस पाहत आहे.

“नाखवा, आमची जोड म्हशींशी लावता?”

“सरकार, वजन जुळलं.”

“दुसरं काही नाही का?”

“मिठाचा डबा आहे, पण तो आपल्याहून जड. आपण वर जाल आणि मग खाली याल.”

सरदारांनीं म्हशीकडे पुन्हां एकदां पाहिलें आणि “मग म्हशीच असू द्या” ऐसें बोलोन पडदा ओढोन घेतला. पैलतीरीं डबे उतरल्यावर दाऊद आगवाले बोलिले, “म्हशींनी मात्र एका शब्दाची तक्रार केली नाही. मोठ्या मनाच्या.”

आणि जोडीची ही संवय त्या दोघांच्या हाडीं इतकी खिळली कीं रायाजी उजव्या अंगास असले म्हणजे दाऊद डाव्या अंगास असावयाचे, आणि एक इकडे आला कीं दुसरा तिकडे जावयाचा. भाकर खातांना दोघे बोटीच्या दोन कांठांस बसत आणि मधल्या रुळांवरून ओरडोन सुखदुःख बोलत. जमिनीवर उतरले तरी बाजारांतून एक रस्त्याच्या या कडेनें आणि एक त्या कडेनें चाले, त्यामुळें त्यांच्या घरचें सारें गुपित बाजारास ठाऊक असे. रायाजींचे लग्नांत दाऊद मांडवाच्या पार दुसऱ्या टोंकास जाऊन बसले, आणि वधूपक्षाचे लोक समजले कीं नवऱ्यामुलाचें यांच्याशीं हाडवैर आहे. सांगावयाचें तात्पर्य, इतका स्नेह असोन ते दोघे जन्मांत एका बाकावर बसले नाहींत.

पुढें राज्यांत पुलाची मसलत निघाली. पुलास कोळसा लागत नाहीं, पगार लागत नाहीं आणि तो रजा मागत नाहीं. ऐसा चाकर सरकारास फार आवडतो. मग दगड आले, आणि लोखंडाचे थोर तुळवट आले, आणि पैलतीराकडचे खांब उभारावयास तें सारें पैलतीरीं नेणें प्राप्त जाहलें, आणि नेण्यास थोरलीवांचून दुसरें कोण? त्या दिवशीं बोट पाण्यांत नेहमींपेक्षां खोल बसली. दाऊद हंड्यापासून वर आले आणि डाव्या कांठावरून हांक मारिली.

“नाखवा, आज काय आहे एवढं जड?”

“पुलाचं लोखंड आहे.”

“कुठला पूल?”

“आपल्या उरावरचा.”

दाऊदांनीं दोन्ही वाटांवरचें लोखंड डोळ्यांनीं तोलून पाहिलें. मग विचारिलें, “जोड बरोबर लागली ना?”

“लागली.”

“मग चला.”

आणि थोरली निघाली, आणि वर्षानुवर्षें वाहत राहिली, आणि जो पूल तिला घरीं बसविणार तो तिनें तुकड्या-तुकड्यानें आपणच पाठीवर वाहोन उभा केला. एकही तुकडा खाडींत सांडला नाहीं. सांडावा ऐसें काशा तांडेल, जो थोरलीचें सुकाणूचें चाक धरीत असे, त्याच्या एकदां मनांत आलें आणि त्यानें तें बोलोन दाखविलें, तेव्हां रायाजींनीं दोन दिवस त्याच्याशीं भाषण केलें नाहीं.

शके अठराशें सत्तावन्न, ते सालीं पूल पुरा जाहला. त्या संवत्सराचें नांव युवा, आणि त्याच सालीं थोरलीस म्हातारी ठरविलें. बँड वाजला, पेढे वांटिले, आणि पहिली गाडी धडधडत पुलावरून गेली आणि थोरलीस ऐलतीरीं बाजूस उभी करोन सलामीची शिटी वाजवावयास लाविलें. तिनें वाजविली. मग घाटाचे अंमलदार बोटीपाशीं आले, हातीं सोललेलें केळें होतें, आणि बोलिले, “बोट आता उभी राहू द्या.” इतकें बोलोन केळें संपविलें आणि पुलावरून जावयाचे म्हणोन गाडींत बसले. रायाजींनीं सर्वांस जमवोन विचार केला. बोट चालवूं नये, हें समजलें. आगेविषयीं अंमलदार कांहीं बोलिले नाहींत. आणि आग तर हुजुरांची. तेव्हां बोट उभी आणि आग चालू, ऐसें ठरलें. कोळशाची नेमणूक बंद करावयास सरकार विसरलें होतें, तो येत राहिला. रोज भरतीचे समयीं काशा तांडेलानें दोर सोडावे, शिटी वाजवावी, आणि मग डबे कोणी आणिले नाहींत ऐसें पाहोन दोर पुन्हां बांधावे. येणेंप्रमाणें कांहीं वर्षें गेलीं.

परंतु पूल उघडला त्याच दिवशीं आणखी एक गोष्ट जाहली होती, आणि पुढील सारें दुःख तिच्यापासून आहे. रायाजींनीं खाडीचें पाणी ओंजळींत घेतलें आणि दाऊदांनीं तापल्या हंड्यावर तळवा ठेविला, आणि दोघांनीं शपथ घेतली कीं या पुलावर पाय ठेवणार नाहीं. रायाजींचें घर ऐलतीरीं, त्यांस ही शपथ फार सोपी गेली. दाऊदांचें घर पैलतीरीं, मशिदीमागें नारळींत. बोटीवरून त्याचीं कौलें दिसत. साध्या होडीनें जावें, तर आगबोटीच्या आगवाल्यानें वल्हें मारणाऱ्यापुढें पाय आंखडोन बसणें दाऊदांस मान्य नव्हतें. दाऊद बोलिले, “मी घरी जाईन तर थोरलीवरूनच.” आणि रायाजी बोलिले, “मी नेईन तुला.” शब्द दिला तो दिला. मग दाऊद हंड्यापाशींच राहूं लागले आणि आपलें घर पाण्यापलीकडून पाहूं लागले.

त्यांची बायको हनीफाबी. त्या दर शुक्रवारीं मासळीचें कालवण आणि तांदळाची भाकर घेऊन त्याच पुलावरून गाडीनें येत. एक कांठावर नवरा, दुसऱ्या कांठावर नाखवा, आणि त्यांच्या जोडीस कोणी नसे, म्हणोन त्यांस बोटीच्या बरोबर मध्यभागीं बसवीत. त्या तेथोन दोहींकडे वाढीत आणि दोहींकडे बोलत.

“आगवाले, घराची कौलं गळतात.”

“कोणती?”

“गाडीत बसा, दाखवते.”

“गाडी पुलावरून जाते.”

“मग काय आभाळातून जाईल? नाखवाभाऊ, तुम्ही तरी सांगा ना याला. पूल चावतो का तुम्हा दोघांना? मी दर शुक्रवारी येते, मला कधी चावला नाही.”

“भाबी, चावत नाही तो. पण शपथ आहे.”

“शपथ तुमची, आणि पावसात भिजते मी.”

दाऊद हंसत आणि म्हणत कीं थोरली चालूं लागली कीं पहिला फेरा घरचा. आणि हनीफाबी रिकामें भांडें उचलोन जातां जातां म्हणत, “तोवर मी तिकडे म्हातारी होते, तुम्ही इकडे व्हा. जोड लागली म्हणजे झालं.”

पुढें दूर देशीं थोर युद्ध पेटलें. युद्धास दोन गोष्टी खावयास लागतात, कोळसा आणि लोखंड. त्यामुळें सरकारास प्रथम थोरलीचा कोळसा आठवला, तो बंद केला, आणि मग थोरलीचें लोखंड आठवलें, आणि जुनें लोखंड मोडीत घेणारे एक शेट अंमलदारांसह घाटावर आले. अंमलदार आतां दुसरे होते. शेटांनीं छडीनें बोटीच्या पोटावर ठोकोन पाहिलें आणि मान हालविली.

“माल चांगला आहे.”

“आत वाफ आहे, शेट,” रायाजी बोलिले. “वाफ असताना हातोडा घातलात तर बोट वर जाईल. तुम्ही आधी जाल.”

अंमलदार बोलिले, “मग आग विझवा.”

“विझवतो ना, साहेब. ज्यांनी लावली त्यांचा हुकूम आणा.”

“ते कधीच वारले!”

“तर मग थांबावं लागेल.”

“किती?”

“ते त्यांच्यावर आहे.”

अंमलदार संतापले आणि दम देऊन गेले, आणि पुन्हां आले आणि पुन्हां गेले. शेट मात्र शहाणे आणि थंड. ते बोलिले कीं आग हुकुमानें विझत नसेल तर सरपणावांचून विझेल, आणि त्यांनीं घाटावर लांकडी खुर्ची टाकोन वाट पाहण्यास आरंभ केला. दुसऱ्या दिवशीं खुर्ची नाहींशी जाहली आणि हंड्याची वाफ थोडी वाढली. शेटांनीं कांहीं विचारिलें नाहीं, दुसरी खुर्ची आणविली आणि जातांना ती बरोबर नेऊं लागले.

कोळसा संपला तेव्हां थोरलीला थोरलीच खाऊं घालावी ऐसें ठरलें. आधीं बाकें जाळिलीं, मग दारें, मग कठडे, मग साहेबांची खोली. त्या खोलींतलें कपाट हंड्याखालीं घालतांना दाऊदांनीं त्यास दोनदां सलाम केला. मग पायांखालच्या तक्तपोशीच्या फळ्या एकाआड एक काढिल्या. कांठावरून कांठावर जावयाचें तर तुळवटांवरून तोल सांभाळीत जावें लागे. पिकल्या म्हातारीच्या तोंडांत एक-दोन दांत उरावे तैशी थोरली दिसूं लागली. परंतु धूर निघत होता आणि रोज भरतीस शिटी वाजत होती, आणि जोंवर शिटी तोंवर शेटांचा हातोडा नाहीं. सुकाणूचें सागवानी चाक तेवढें कोणी जाळावयाचें म्हणेना.

शके अठराशें सहासष्ट, तारण नाम संवत्सर, आश्विनमासीं दाऊद आगवाल्यांची छाती भरली. जन्मभर ओढलेली राख एकदम हिशेब मागूं लागली, श्वास पुरेना. डाव्या अंगास दोन फळ्या उरल्या होत्या, त्यांवर त्यांस निजविलें. शुक्रवार नसतां हनीफाबी आल्या, आणि भांडें आणिलें नव्हतें.

“नाखवाभाऊ, याला घरी न्या. तुम्ही शब्द दिलाय.”

रायाजींनीं उरलेल्या लांकडाकडे पाहिलें. एका फेऱ्यापुरतें होतें, तेंही ओढून ताणून. पैलतीरीं पोहोंचलें कीं आग विझणार, आग विझली कीं शेट येणार, आणि थोरली जाणार.

“पुढच्या भरतीला नेतो, भाबी. थोडं सरपण जमवतो.”

मग रायाजी आणि काशा तांडेल किनाऱ्यावर फिरूं लागले, आणि नारळाचीं सोडणें, झावळ्या, वाहोन आलेलीं लांकडें गोळा करूं लागले. जेवढें एका भरतीस जमावें तेवढें पुढल्या भरतीपर्यंत आग जागती ठेवण्यांतच जळोन जाई. भरती येई आणि रायाजी म्हणत, पुढच्या भरतीस. आणि दाऊदही त्यांस साथ देत.

“घाई नको रे, नाखवा. तिला विझवून मला नेलंस, तर घरी जाऊन मी काय सांगू?”

“सांगायचं की घरी आलो,” हनीफाबी बोलिल्या. “एवढंच सांगायचं असतं.”



एके दिवशीं भर दुपारीं खाडी कांठोकांठ भरली. दाऊदांनीं विचारिलें, “भरती आली?”

“आली,” उजव्या कांठावरून रायाजी बोलिले.

“चांगली आहे?”

“चांगली आहे.”

“इकडे ये जरा.”

रायाजी उठले आणि तुळवटावरून मध्यापर्यंत आले आणि तेथें त्यांचे पाय अडले. इतकीं वर्षें ते दोघे एका अंगास गेले नव्हते; गेल्यास बोट कलेल, ऐसें त्यांचे पायांसच ठाऊक होतें. हनीफाबी ओरडल्या, “या ना हो! कशाला थांबलात?” रायाजींनीं पुन्हां पाऊल उचललें, परंतु तें पडेपर्यंत दाऊद गेले होते. मग रायाजी डाव्या अंगास गेले आणि जन्मांत पहिल्यानें दाऊदांचे शेजारीं बसले. थोरली जराही कलली नाहीं. एवढ्या थोर बोटीस दोन माणसांचें वजन तें काय? रायाजी बराच वेळ पाण्याच्या रेघेकडे पाहत राहिले, कीं आतां तरी कलेल, आतां तरी कलेल. ती कलली नाहीं.

पैलतीराहून लोक आले आणि रीतीप्रमाणें सारें करोन दाऊदांस जनाज्यांत ठेविलें, आणि गाडीनें नेऊं म्हणाले. रायाजी बोलिले, नाहीं. मग पुढल्या भरतीस, जी खरोखरच पुढली भरती होती, जनाजा थोरलीच्या डाव्या वाटेवर रुळांमध्यें ठेविला आणि लोकांस मध्यें उभें केलें, आणि रायाजी आपण उजव्या वाटेवर, बरोबर समोर, जाऊन बसले. काशा तांडेलानें विचारिलें, “नाखवा, तिथं का? तुम्ही माझ्यापाशी उभं राहायचं.”

“जोड नको का?” रायाजी बोलिले. “काशा, दोर सोड.”

“रोज सोडतो, नाखवा.”

“आज बांधू नको.”

तेव्हां अंमलदार धांवत आले आणि तीरावरून विचारूं लागले कीं कोणाच्या हुकुमानें, कोणाच्या हुकुमानें?  शेट खुर्चीवरून उठले, टोपी काढिली, आणि मग ती खुर्ची उचलोन बोटीवर फेंकिली. “ही पण घ्या,” ऐसें बोलिले. हंड्याखालीं आग घालावयास कोणी सरावाचें नव्हतें. हनीफाबींनीं पदर खोंचिला आणि फावडें उचलिलें. लोक म्हणाले, भाबी, तुमचें हें काम नाहीं. त्या बोलिल्या, “त्याचं होतं. त्याचंच करते आहे.” लोक बाजूस जाहले. शिटी वाजली, आणि इतक्या वर्षांनीं पहिल्यानें शिटीमागोमाग थोरली हालली.

अर्धी खाडी गेली आणि फळ्या संपल्या. आणखी थोडें गेली आणि सोडणें, झावळ्या संपल्या. शेटांची खुर्ची घातली, ती चांगली जळली. मग बोट मंद होऊं लागली आणि हनीफाबींनीं खालोन हांक दिली, “नाखवाभाऊ, संपलं सगळं.” रायाजी जागचे उठले नाहींत. तेथोनच विचारिलें, “काशा, तोंड कुठं आहे?”

“धक्क्यावर. सरळ.”

“मग चाक काढ.”

काशा तांडेल तरणेपणापासून तें चाक धरोन होता. त्यानें कुऱ्हाड घेतली आणि रडत रडत तें फोडिलें, आणि प्रत्येक घावास नाखव्यास शिव्या दिल्या, आणि नाखव्यानें त्या सर्व ऐकोन घेतल्या. सागवान तें. असें पेटलें कीं थोरली तरुणपणीं चाले तैशी चालली, आणि सुकाणू धरावयास कोणी नसतां, डोळे मिटोन घरीं येणाऱ्या गाईसारखी, आपल्या जुन्या धक्क्यास येऊन अलगद लागली. पैलतीरीं रुळांत गवत माजलें होतें. शिटी ऐकोन म्हातारे लोक घराबाहेर आले होते, आणि कोणी कांहीं न सांगतां दोहीं बाजूंस सारखे वांटून उभे राहिले होते. दाऊद आगवाले थोरलीवरून घरीं आले. मग हंड्याखालचे निखारे काळे पडले आणि शिटीचा दोर ओढिला तर नुसता सुस्कारा आला. आग कोणी विझविली नाहीं. हुजुरांचा हुकूम कोणी मोडिला नाहीं. ती आपली विझली.

शेट आले, थोडे दिवस उगेच थांबले, आणि मग हातोडे वाजूं लागले. रायाजी ऐलतीरीं परतले नाहींत. परतावयास थोरली नव्हती आणि पुलावर शपथ होती. ते दाऊदांच्या ओटीवर राहिले आणि घराचीं गळकीं कौलें एकेक करोन बसविलीं, आणि वरोन थोरली उणी होतांना पाहिली. हनीफाबी नवऱ्यामागें रीतीप्रमाणें इद्दतीचे दिवस घरांत बसल्या होत्या. त्यांचे ते दिवस पुरे जाहले आणि थोरलीचा शेवटचा पत्राही त्याच सुमारास गेला. मग एका शुक्रवारीं त्या बाहेर आल्या आणि बोलिल्या, “उठा नाखवाभाऊ. तिकडे तुमची बायको वाट बघते आहे. एकाची बायको बसली तेवढी पुरे.”

“शपथ आहे, भाबी.”

“ज्याच्याबरोबर घेतली तो घरी आला ना? मग झाली ती पुरी.”

रायाजींस गाडींत बसविलें. उजव्या अंगाच्या बाकावर ते बसले आणि शेजारीं हनीफाबी, आणि समोरचें डावें बाक रिकामें. गाडी पुलावर चढली, आणि खालीं खाडी आली, आणि रायाजींनीं दोन्ही हातांनीं बाकाची कड धरिली. हनीफाबी बोलिल्या, “चावला का?”  रायाजी समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहत होते, आणि गाडी एका अंगास जाते कीं काय म्हणोन अंग सांवरीत होते. हनीफाबींनीं त्यांकडे पाहिलें आणि त्या बाकाकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां उठल्या आणि समोर जाऊन बसल्या.

“लागली जोड?”

“लागली,” रायाजी बोलिले.

“मग चला.”

येणेंप्रमाणें थोरली आली, वाहिली, उभी राहिली आणि विझली. तिचें लोखंड युद्धानें खाल्लें. तिनें वाहिलेलें लोखंड अद्याप पुलांत उभें असे. गाडी पुलावर आली म्हणजे त्या तीरींचे जुने लोक अद्यापही दोहीं बाकांवर सारखे वांटून बसतात, आणि कां म्हणोन विचारिलें तर त्यांस सांगतां येत नाहीं. अग्नि जेथें निवाला तेथेंच लेखणीही ठेविली असे.